मीठ दळणारे जाते

श्रावणातल्या कहाण्यांत देव प्रसन्न होतो, आटपाट नगरातल्या एखाद्या दरिद्री कुटुंबाचे घर सोन्यानाण्याने भरून टाकतो, आणि देत असतानाच त्या देण्याशी बांधलेला नेम कसा पाळावा, केव्हा उजवावा आणि कोणत्या वागण्याने तो मोडतो हेही तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवतो. म्हणून पुढे जे उततात, माततात आणि हातचे घालवून बसतात, त्यांच्याविषयी ऐकणाऱ्याला फारशी दया येत नाही. नॉर्वे देशात आस्ब्यर्नसन आणि मो या दोघा संग्राहकांनी एकोणिसाव्या शतकात लोकांच्या तोंडून टिपून घेतलेल्या कथांत जात्याची एक कथा आहे, तिचे वळण मात्र निराळे. सणाच्या दिवशी घरात अन्नाचा कण नसलेला गरीब भाऊ श्रीमंत भावाच्या दारी जातो. श्रीमंत त्याला मांसाचा एक तुकडा देऊन यमसदनाची वाट दाखवतो. गरीब खरोखरच तेथे जातो आणि त्या तुकड्याच्या मोबदल्यात दाराआड पडलेले एक जाते घेऊन येतो. जाते मागाल ते दळून देते, आणि ते थांबवावे कसे, हे वाटेत भेटलेला एक म्हातारा त्याला शिकवून ठेवतो. पुढे श्रीमंत भाऊ तेच जाते भारी किमतीला विकत घेतो, पण थांबवण्याची युक्ती विचारून घेण्याइतका दम त्याला नसतो, आणि पेजेच्या व मासळीच्या लोंढ्यातून जीव वाचवत तो ते परत करतो. शेवटी एक तांडेल ते मिठासाठी गलबतावर चढवतो. त्यालाही घाई असते. मीठ दळले जाते, गलबत भरते, बुडते, आणि समुद्राच्या तळाशी जाऊन बसलेले जाते अजूनही दळतच आहे, म्हणून समुद्राचे पाणी खारट, असे ती कथा सांगते.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा यांच्या बेचक्यात बसलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा वृत्तांत वाचताना ही परदेशी कथा मला आपल्या कहाण्यांहून अधिक उपयोगी वाटते. नीरा-नरसिंहपूरच्या संगमापाशी या दोन नद्या एकत्र येतात खऱ्या; परंतु त्यांच्या मधला मुलूख पर्जन्यछायेचा, कऱ्हेसारखी नदीही उन्हाळ्यात कोरडी पडणारी, आणि ज्वारी-बाजरीच्या एका पिकावर वर्ष काढणारा. अशा मुलखाला सरकारदरबारातून एकोणिसाव्या शतकात दोन मोठ्या देणग्या मिळाल्या, एक कागदाची आणि एक पाण्याची. दोन्ही देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, दोन्ही घेणाऱ्यांना त्यांची गरज होती, आणि दोन्ही वेळा थांबवायचे कसे हे कोणी कोणाला सांगितले नाही.

त्याआधीच्या दानांची गोष्ट लवकर आटोपते. पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजे भोसल्यांकडे जहागिरीने आले, आणि मालोजीराजे इंदापूरच्या रणात पडले. बखरींतून असे सांगितले जाते की, त्यांना वेरूळच्या शेतात देवीच्या दृष्टांताने गुप्तधन सापडले. कथेतले धन बहुधा माणसाला खाते. मालोजींनी शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी तलाव बांधला, आणि धनाचे पाणी करून ते लोकांत वाटून टाकण्याचा हा प्रकार मला या साऱ्या वृत्तांतात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पेशवाईत बारामतीच्या बाबूजी नाईकांनी, ज्यांच्या आश्रयाला कवी मोरोपंत राहिले, आपल्या सावकारीच्या बळावर खुद्द पेशवेपदावर नजर ठेवली होती; थोरल्या बाजीरावाने करून ठेवलेले कर्ज हे त्या वेळी त्यांचे शस्त्र होते. ऋणाची सत्ता या मुलखाला इंग्रजांनी शिकवली असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

कागदाची देणगी आली ती इंदापुरात. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याच्या कलेक्टरीतील प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ ते १८२८ या काळात दख्खनच्या जमिनीची मोजणी केली, आणि विलायतेच्या अर्थशास्त्रात खंडाविषयी शिकलेला सिद्धांत येथील काळ्या रानाला लावून, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ इतका सरकारचा वाटा ठरवला. सिद्धांत निर्दोष होता. परंतु प्रत्येक शेताची प्रत आणि प्रत्येक पिकाचा खर्च ठरवण्याचे काम खालच्या कारकुनांच्या हाती पडले, आणि त्यांनी काय लिहिले, कोणाकडून काय घेऊन लिहिले, हे तपासण्याचे साधन साहेबापाशी नव्हते. परिणामी इंदापूर तालुक्यात साऱ्याच्या ओझ्याने कुळे जमीन सोडून परागंदा झाली आणि चांगली शेते पडीक पडली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये तेथे नव्याने काम हाती घेतले, दर पुष्कळ उतरवले, आणि ठरलेला सारा तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी दिली. खातेदाराने सारा वेळेवर भरला तर जमीन त्याची. तो ती वारसाला देऊ शकेल, गहाण टाकू शकेल, विकू शकेल. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी पाहणीचा नमुना या एका तालुक्यात घडला, ही गोष्ट इंदापूरकरांनाही फारशी ठाऊक नसते.

या देणगीचे पहिले फळ गोड होते. पडीक जमीन लागवडीखाली आली, पळालेली कुळे परतली. परंतु पूर्वी ज्या उपरी कुळाच्या जमिनीला विकत घेणारा मिळत नसे, त्याच्या सात-बारा एकरांना आता बाजारात किंमत आली, आणि किंमत आली तशी तिच्यावर पैसे देणाराही दारात उभा राहिला. पूर्वीचा सावकार कुळाच्या पिकाकडे पाहून कर्ज देई, म्हणून पीक आणि कुळ या दोहोंच्या आवाक्याबाहेर तो फारसा जात नसे. नवा सावकार जमिनीकडे पाहून देऊ लागला, आणि दिवाणी अदालतीचा हुकूमनामा त्याच्या पाठीशी होता. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी वाढली, आणि सर्वांनाच वाटले की हे असेच चालणार. त्याच दशकात इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली आणि फेरआकारणीत सारा चढला. मग कापूस उतरला, मजुरी आटली, सारा मात्र चढलेला राहिला आणि कर्जखतावरचे व्याजही.

१२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी वाण्यांच्या पेढ्यांवर चाल केली. इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांची ही सुरुवात. त्यातील लक्षणीय गोष्ट ही की, जमावाला माणसांच्या जिवापेक्षा दप्तर हवे होते. खतपत्रे, रोखे, वह्या बाहेर ओढून काढाव्यात आणि त्यांची होळी करावी, हा या दंग्यांचा सर्वत्र एकच क्रम होता. पुढे चौकशी मंडळ बसले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन हिशेब उकलण्याचा अधिकार दिला. जाते थांबवण्याचा मंत्र म्हणायचा तर हाच. तो येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

कायद्याचा मसुदा व्हायच्या आतच १८७६ चा दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर मजुराला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य पुरे होईल अशी मजुरी ठरवण्यात आली, आणि त्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने जो लढा दिला तो सर्वश्रुत आहे. या दुष्काळानेच नीरेवरील जुन्या योजनेला चालना दिली: भोर संस्थानच्या हद्दीत भाटघर येथे येळवंडीला धरण घालून पाणी साठवायचे, ते नीरेतून खाली सोडायचे, वीर येथे बंधाऱ्याने अडवून डाव्या तीरावर काढायचे, आणि सुमारे शंभर मैल लांबीच्या पाटाने पुरंदर, भीमथडी व इंदापूर या तालुक्यांना पाजायचे. पाट १८८५ च्या सुमारास सुरू झाला. धरण त्यानंतर काही वर्षांनी पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचे नाव मिळाले. सुप्याच्या वरच्या माळाला मात्र हे पाणी कधीच चढले नाही. ज्यांनी वह्या जाळल्या त्यांची रानेच कोरडी राहिली, आणि त्यांच्यासाठी पाणी उचलून नेणारी जनाई-शिरसाई योजना विसाव्या शतकाच्या अखेरीची.

पाट सुरू झाल्यावर घडले ते अभियंत्यांच्या कल्पनेत नव्हते. पाऊस बरा झाला की शेतकरी पाण्याकडे पाहीना. काळी जमीन एका चांगल्या पावसावर ज्वारी देते, मग पाणीपट्टी का भरावी, असा त्याचा सरळ हिशेब होता. दुष्काळाच्या वर्षी मात्र सर्वांचे अर्ज एकदम येत आणि तेव्हा पाणी पुरत नसे. दुष्काळनिवारणासाठी काढलेला पाट अशा रीतीने सुकाळात रिकामा आणि दुष्काळात तोकडा ठरला, आणि खर्चाचे व्याजही निघेना. यावर उपाय एकच होता, बारा महिने पाणी पिणारे आणि भरपूर पाणीपट्टी देणारे पीक. ते पीक म्हणजे ऊस.

सासवडकडचे माळी पाटाच्या कडेने खाली उतरत गेले, स्थानिक मराठा शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेत गेले, आणि पुंड्या उसाचे फड उभे राहिले. १९१४ मध्ये दौंड-बारामती अरुंद मापाची रेल्वे सुरू झाल्यावर गुळाला पुण्या-मुंबईचा रस्ता मोकळा झाला. हिवाळ्यात पाटाच्या दोन्ही अंगांना चुलवणे पेटत, काहिलीत रस उकळे, गुळव्या मळी काढून तार पाही, आणि साच्यातून ढेपा निघत. ढेप पोत्यात भरून बैलगाडीने बारामतीच्या पेठेत जाई, तेथे अडत्या सौदा करी आणि त्याच सौद्यातून आधी दिलेली उचल कापून घेई. सावकाराची पेढी गेली होती, अडत्याची गादी आली होती. तरीही हे दिवस वैभवाचे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरात वर्षातून दोन सणांना गोड होई त्या घराच्या माडीवर गुळाच्या ढेपा रचल्या गेल्या.

आता पाणी देण्याची रीत जवळून पाहावी, कारण सारे मर्म तेथे आहे. पाटावरून फाटा, फाट्यावरून चारी, चारीवरून सरी. पाटकऱ्याने पाळी सांगितली की रात्र असो वा दिवस, शेतकरी फावडे आणि कंदील घेऊन शेतावर जाई, बांधावर दारे मोडी आणि पाणी सरीत सोडी. एक सरी भरली की दुसरी, आणि पहाटेपर्यंत डोळा लागला तर शेत तळ्यासारखे भरून खालच्याच्या रानात उतरे. पाणीपट्टी आकारली जाई एकरावर आणि पिकावर. शेतात पाणी किती गेले याचे माप नव्हते. तेव्हा पुढची पाळी केव्हा येईल याची खात्री नसलेल्या माणसाने हाती आलेले पाणी का आवरावे? त्याने ते आवरले नाही, आणि त्याला दोष देणाऱ्याने त्या कंदिलाच्या उजेडात स्वतः उभे राहून पाहावे.

पाणी काळ्या मातीतून खाली मुरमात जाई आणि त्याखालच्या खडकावर थांबे. नीरेच्या खालच्या अंगाला, जेथे काळी जमीन खोल आणि उतार कमी, तेथे ते साचत वर येऊ लागले, पाटाच्या तळातून व भरावातून अखंड झिरपणाऱ्या पाण्याची त्याला भर पडली, आणि येताना त्याने मातीत शतकानुशतके विखुरलेले क्षार आपल्याबरोबर आणले. वरचे पाणी उन्हाने उडून जाई, क्षार राहत. आधी बांधाच्या कडेला पांढरी पापडी दिसे, पाऊल पडले की पिठासारखी फुटे. मग उसाची पाने टोकाकडून करपत. मग बी उगवेनासे होई. आणि शेवटी जमीन अशी चोपण बने की ओली असताना पाय ओढून धरी आणि सुकली की नांगराचा फाळ तिच्यावरून घसरे. गोड विहिरी मचूळ झाल्या. घरांच्या भिंतींना जमिनीपासून हातभर लोणा लागला. खारवट रानातील उसाचा गूळ काळपट होई, खारट लागे, ढेप नीट धरीना आणि पावसाळी हवेत पाझरे. बाजारात अडत्या बोटाने चिमूट तोडून जिभेवर ठेवी आणि शेतकऱ्याच्या रानाचे भविष्य त्याला स्वतः शेतकऱ्याच्या आधी कळे.

१९१० मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर सरकारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पाट सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच बारामतीच्या आसपासची उत्तम जमीन कशी बिघडत चालली आहे, हे मातीच्या पृथक्करणासह मांडले. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या पाटावर ब्लॉक पद्धत आणली होती. तिचे स्वरूप असे की, गावोगाव विखरून ऊस लावण्याऐवजी निवडक जमिनीचे गट पाडावे, गटातील सुमारे तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि उरलेल्यात कमी पाण्याची पिके आलटून-पालटून घ्यावी, काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यावी, आणि अशा रीतीने पाणी साचणे, हिवतापाची उपज व पाण्याची नासाडी या तिन्हींना आळा घालावा. विश्वेश्वरय्यांच्या कीर्तीची स्मारके धरणांच्या रूपाने पुष्कळ उभी आहेत. माझ्या मते धरणाचे दान आवरायचे कसे हा त्यांचा विचार त्या स्मारकांहून मोठा होता, आणि म्हणूनच बहुधा तो कमी आठवला जातो.

१९१६ मध्ये सरकारने दख्खनच्या पाटांखालील जमिनींच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र शाखा स्थापन केली. पुढे तिचेच रूपांतर खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात झाले. त्या विख्यात संस्थेचे मूळ पाणथळ झालेल्या रानांत आहे. या शाखेत काम करणाऱ्या क्लॉड इंग्लिस यांनी दाखवून दिले की, काळ्या मातीत उथळ चर खणून भागत नाही. पाणी वाहते ते मातीखालच्या मुरमाच्या थरातून, तेव्हा चर त्या थराला जाऊन भिडला पाहिजे. तसे चर खणले गेले, काही जमीन सुधारली. जेथे क्षार मातीच्या कणांत भिनले होते तेथे जिप्सम, शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि पुष्कळ धीर लागला. परंतु चर खणायचा तर चार जणांच्या जमिनीतून न्यावा लागतो, त्यात एकाची दोन गुंठे जागा जाते आणि फायदा दुसऱ्याला होतो. पाटासाठी जमीन घेताना सरकारने जो हुकूम वापरला तो चरासाठी क्वचितच वापरला.

१९२७ च्या सुमारास भाटघरला जुन्या धरणाच्या खाली गव्हर्नर लॉईड यांच्या नावाचे नवे, अधिक उंच धरण झाले. १९३० च्या मंदीत गुळाचा भाव कोसळला, आणि १९३२ मध्ये साखर धंद्याला सरकारी संरक्षण मिळताच गुळाची जागा साखरेने घेतली: त्याच वर्षी सासवडच्या माळ्यांनी आपला कारखाना नोंदवला आणि माळीनगर वसवले, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी विस्तीर्ण जमीन मिळवून वालचंदनगर उभे केले, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने झाले. शेतकरी मालक झाला, शाळा-महाविद्यालये निघाली. पण कारखान्याच्या गाळपाची क्षमता एकदा वाढली की ऊस कमी करणे कोणाच्याच हिताचे राहत नाही, आणि ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा कागदावरून पुसली जाण्यास फारसा वेळ लागला नाही. इंदापूरच्या उत्तर अंगाला तर आणखी एक देवाणघेवाण झाली: उजनी धरणाचा जलाशय १९८० च्या सुमारास भरला तेव्हा भीमाकाठची गावे आणि त्यांची सर्वांत कसदार मळई पाण्याखाली गेली, आणि पळसदेवचे जुने देऊळ आता पाणी आटलेल्या वर्षीच दर्शन देते. सोलापूरला मिळालेल्या या वराची किंमत पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्याने भरली.

पाटाने बारामती-इंदापूरचे कल्याण केले की अकल्याण, असा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो, आणि माझे उत्तर असे की, पाट नसता तर १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत या मुलखाचे काय झाले असते हे शेजारच्या कोरडवाहू गावांकडे पाहून कळते. पाट हवाच होता. चूक घडली ती पाणी आणण्याचे काम सरकारी खर्चाचे आणि पाणी काढून नेण्याचे काम ज्याच्या-त्याच्या नशिबाचे मानल्यामुळे. या दोन तालुक्यांतील ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत जुने चर आहेत, त्यांनी ते गावनकाशावर नोंदवून घ्यावेत, त्यातील वेडी बाभूळ आणि गाळ दर उन्हाळ्यात काढावा, आणि कारखान्यांनी उसाच्या हिशेबातून त्यासाठी टनामागे काही पैसे वेगळे ठेवावेत. एवढे करायला नव्या धरणाची गरज नाही.